प्रायमरीत सिटिंग खासदार पडतो कधी? आधी समोर किती जण आहेत ते मोज

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की मिशिगनच्या १३व्या मतदारसंघात श्री ठाणेदार, म्हणजे आपले बेळगावचे, खासदार आहेत, डेमोक्रॅटिक पक्षाचे आहेत, तरी दर दोन वर्षांनी त्यांच्याच पक्षाची माणसं त्यांच्याविरुद्ध उभी राहतात, मग पक्ष काय झोपा काढतो का, सिटिंग माणसाला तिकीट देऊन मोकळे का होत नाहीत, आणि असा माणूस प्रायमरीत खरंच पडतो का. आणि शेवटी हळूच विचारलंयस की ग्रीन कार्डवाल्याला यात काय करता येतं. सगळ्याचं उत्तर देते पण माझ्या क्रमाने देते, कारण तू ज्याला मुख्य प्रश्न समजतोयस तो मुख्य नाहीये.

आधी माझं सांगते. २०१२ ला मी पहिल्यांदा फोन बँकेत, म्हणजे मतदारांना फोन लावायला, बसले, तेव्हा हातात छापील याद्या आणि पेन असायचं, मग दारोदारी फिरण्याचं फील्डचं काम केलं आणि आता मोहिमांना मतदार याद्या लावून देणं हाच धंदा आहे. सिटिंग माणसासाठीही काम केलंय आणि त्याला पाडायला निघालेल्यांसाठीही. ठाणेदारांच्या मोहिमेत मी कधी नव्हते, त्यांच्या विरोधकांच्याही नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिते ते सगळं उघड आहे तेवढंच.

पहिली गोष्ट, इथे तिकीट नावाची चीजच नाही. आपल्याकडे ए-बी फॉर्म कुणाच्या हातात पडतो यावर सगळं असतं, दिल्लीला किंवा मुंबईला रात्री तीनपर्यंत यादी अडकते, सकाळी एकाचा फॉर्म येतो आणि दुसरा बंडखोरी करतो. इथे तो ए-बी फॉर्म मतदार देतात, आणि ते मतदान म्हणजे प्रायमरी. मिशिगनमध्ये काँग्रेससाठी (इथली संसद, आपली काँग्रेस पार्टी नव्हे, हा गोंधळ गावाकडे फोनवर दर वेळी होतो) किमान १००० वैध सह्या आणल्या की तुझं नाव पक्षाच्या रकान्यात छापलं जातं, मग पक्षाच्या अध्यक्षाला तू आवडो न आवडो. अध्यक्ष तुझं नाव कापू शकत नाही. पक्षाकडे हत्यारं आहेत पण ती वेगळी, पैसा, पाठिंब्याची पत्रकं, युनियनवाल्यांना फोन, आणि धंद्यातल्या लोकांचा हात पिरगाळणं. २०१९ ला डेमोक्रॅट्सच्या हाउस कमिटीने (हाउस म्हणजे इथली लोकसभा, तिच्या निवडणुका सांभाळणारी पक्षाची समिती) सरळ जाहीर केलं होतं की जे कन्सल्टंट सिटिंग खासदाराच्या विरोधकाचं काम घेतील त्यांना आम्ही काम देणार नाही, माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांनी तेव्हा फोन उचलणं बंद केलं, २०२१ मध्ये तो नियम काढला. काढला म्हणजे कागदावरून काढला.

आपल्याकडे हा प्रयोग झालाच नाही असं नाही हां. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींनी काही मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली होती, महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात तेव्हा खासदार होते दत्ता मेघे, आणि प्रायमरी जिंकले कोण तर त्यांचे चिरंजीव सागर मेघे, आणि पुढे लोकसभेला भाजपच्या रामदास तडसांकडून पडले. तिथे मतदान फक्त पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचं होतं, सामान्य मतदार नव्हता, त्यामुळे ज्याच्या हातात संघटना त्याचाच माणूस येणार हे उघड होतं. इथलं गणित त्याच्या बरोब्बर उलटं, म्हणून तुलना तिथेच सोडून दे.

आता मूळ मुद्दा. कुणी मला विचारलं की अमुक खासदार प्रायमरीत पडेल का, तर मी त्याचं काम कसं आहे, भाषण कसं आहे, पैसे किती आहेत, हे काहीच आधी विचारत नाही. मी विचारते समोर किती जण आहेत. आणि त्या राज्यात रनऑफ, म्हणजे वरच्या दोघांची दुसरी फेरी, आहे का. बस. या दोन उत्तरांत अर्धं भविष्य कळतं.

मिशिगनमध्ये रनऑफ नाही. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, पन्नास टक्के लागत नाहीत. मतविभागणी काय असते ते सांगलीच्या माणसाला मी काय सांगू, पण इथे ती एकाच पक्षाच्या आत होते. ठाणेदारांचंच बघ. २०२२ ला ही जागा मोकळी होती, नऊ जण उभे होते, ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मिळाले आणि ते जिंकले. दुसरे अ‍ॅडम हॉलियर, सुमारे २३, तिसऱ्या पोर्शिया रॉबर्सन, १७ च्या आसपास. म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं आणि तरी निकाल स्पष्ट होता. बरं, हे असं होणार हे लोकांना आधी कळलं नव्हतं का, तर चांगलं कळलं होतं. डेट्रॉईटचा निदान एक तरी ब्लॅक खासदार १९५५ पासून सलग काँग्रेसमध्ये होता, चार्ल्स डिग्ज पहिले, ती साखळी तुटू नये म्हणून वेन काउंटीचे (डेट्रॉईटचा जिल्हा म्हण) प्रमुख वॉरन एव्हान्स यांच्या पुढाकाराने मंडळी एकत्र बसली आणि हॉलियर हे एकच नाव ठरवलं, मेयर माइक डगननीही त्यांनाच पाठिंबा दिला. पण एक नाव ठरवणं वेगळं आणि बाकीच्यांना बसवणं वेगळं. अर्ज मागे घ्यायला सांगायला जातो तो माणूस बदल्यात काय देणार? आपल्याकडे महामंडळ देतात, इथे देण्यासारखं फारसं नसतं. बाकीचे बसले नाहीत, साखळी तुटली.

२०२४ ला ठाणेदार सिटिंग होते. तेव्हा त्यांना सुमारे ५५ टक्के मिळाले, सिटी कौन्सिलच्या मेरी वॉटर्स यांना पंचविसच्या आसपास, उरलेले तिसऱ्या उमेदवाराला. हा आकडा नीट बघ. एकीकडे अर्ध्याहून जास्त म्हणजे मतविभागणी झाली नसती तरी जिंकले असते. दुसरीकडे सिटिंग खासदाराला स्वतःच्या पक्षात ४५ टक्के लोक नको म्हणतायत, हे आमच्या धंद्यात खूप मोठं मानतात, सिटिंग माणसाला साधारण ऐंशी नव्वदची सवय असते. असा आकडा दिसला की पुढच्या वेळी कोण उभं राहणार याच्या जुळवाजुळवीला दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरुवात होते. आणि झालंही तसंच, २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या विधानसभेतले डोनावन मॅकिनी उतरले, जस्टिस डेमोक्रॅट्स या डाव्या गटाचा पाठिंबा घेऊन, सिनेटर बर्नी सँडर्सही त्यांच्या बाजूने. हॉलियरही परत उतरले होते पण नंतर ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (राज्यातल्या निवडणुका सांभाळणारं पद) शर्यतीकडे वळले. आता ४ ऑगस्ट २०२६ ची प्रायमरी बघताना तुझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ट्रम्पविरुद्धच्या महाभियोगाच्या ठरावावरून भांडणं चाललीयत, ठाणेदारांनी तो आणला तेव्हा आणि नंतर मतदानाला न टाकता थांबवला तेव्हाही, पण मला विचारशील तर त्या सगळ्यापेक्षा हॉलियर बाजूला झाले ही बातमी मोठी होती. एकजण कमी झाला.

शेजारचंच अजून एक उदाहरण देते म्हणजे पक्कं बसेल. २०१८ ला डेट्रॉईटमध्येच रशिदा तलैब प्रायमरी जिंकून खासदार झाल्या तेव्हा त्यांना ३१ टक्के होते आणि ब्रेंडा जोन्स यांना ३०, सहा जणांची लढत. २०२० ला त्याच दोघी समोरासमोर, तिसरं कोणीच नाही, आणि तलैब ६६ टक्क्यांनी जिंकल्या. म्हणजे एकास एक झालं की सिटिंग पडतोच असं अजिबात नाही, उलट खरा पाया असेल तर तो एकास एक मध्येच दिसतो. फक्त झाकलेलं राहत नाही, एवढंच.

टेक्साससारख्या ठिकाणी रनऑफ असतो, तिथे पहिल्या फेरीत पन्नास टक्के नाही मिळाले तर वरचे दोघं पुन्हा लढतात. तिथले डेमोक्रॅट खासदार हेन्री क्वेयार २०२२ ला जेसिका सिस्नेरोसविरुद्ध असेच रनऑफमध्ये ढकलले गेले आणि फेरमोजणीनंतर २८९ मतांनी वाचले. दोनशे एकोणनव्वद. ग्रामपंचायतीला सुद्धा लोक यापेक्षा जास्त फरकाने पडतात. आणि मिसिसिपीत २०१४ ला सिनेटर थॅड कॉक्रन पहिल्या फेरीत मागे पडले होते, रनऑफमध्ये त्यांच्या माणसांनी सरळ ब्लॅक वस्त्यांत जाऊन डेमोक्रॅट मतदारांना विनंती केली की बाबांनो आमच्या रिपब्लिकन प्रायमरीत येऊन मत द्या, तिथे पक्षनोंदणी नसल्याने ते कायदेशीर होतं, आणि ते जिंकले. त्या रनऑफबद्दल मी दोन तास बोलू शकते, नवरा उठून जातो.

नियमच माणसाला वाचवतो किंवा मारतो याचं एक बोलकं उदाहरण म्हणजे २०२१ चा ट्रम्पवरचा दुसरा महाभियोग. दहा रिपब्लिकन खासदारांनी बाजूने मत दिलं. चार जण उभेच राहिले नाहीत, चार प्रायमरीत पडले, त्यात लिझ चेनी वायोमिंगमध्ये सुमारे ३७ टक्क्यांच्या फरकाने पडल्या, आणि दोनच वाचले, कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वॅलाडेओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. हे दोघं काय बाकीच्यांपेक्षा हुशार होते का? नाही. त्यांच्या राज्यांत सगळ्या पक्षांची प्रायमरी एकत्र असते आणि वरचे दोघं पुढे जातात, त्यामुळे फक्त आपल्या पक्षाच्या कडव्या लोकांसमोर उभं राहावं लागलं नाही. याच पद्धतीमुळे रो खन्नांना माइक होंडा यांच्याविरुद्ध नोव्हेंबरमध्ये दोनदा लढता आलं, २०१४ ला पडले आणि २०१६ ला जिंकले, दोघंही डेमोक्रॅटच.

आता सह्यांची गोष्ट, कारण अर्ध्या लढती तिथेच संपतात आणि बाहेरच्याला पत्ताही नसतो. एप्रिलमध्ये सह्या द्यायच्या असतात. हजार लागतात म्हणून नवशिके अकराशे-बाराशे गोळा करून पार्टी करतात. अरे, त्यातल्या कितीतरी बाद होतात, कुणी मतदारसंघाबाहेरचा असतो, कुणाची मतदार नोंदणीच नसते, कुणी तारीख चुकीची टाकलेली असते, कुणी दोन उमेदवारांसाठी सही केलेली असते. आमच्या हाताखालच्या पोरांना मी सांगते की जवळपास दुप्पट आणा नाहीतर आणूच नका. आणि सगळ्यात घातक म्हणजे पैसे देऊन सह्या गोळा करणारी माणसं, दर सहीमागे डॉलर मिळतात म्हणून ती घरी टेबलावर बसून गोल करून सह्या ठोकतात, एक पान याने लिहायचं एक त्याने. २०२२ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीतले पाच उमेदवार असल्या बनावट सह्यांमुळे बाहेर गेले, त्यात डेट्रॉईटचे माजी पोलीस प्रमुख जेम्स क्रेगही होते.

२०२४ ला हॉलियरांचं तेच झालं. ठाणेदारांच्या बाजूने हरकत घेतली गेली, काउंटी क्लार्कच्या (इथला निवडणूक अधिकारी) ऑफिसने छाननी केली, हजार वैध सह्या भरल्या नाहीत आणि सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी मतपत्रिकेवर आलाच नाही. म्हणजे २०२४ चे ते ५५ टक्के वाचताना हे ध्यानात ठेव. याला कोणी रडीचा डाव म्हणतं, मी म्हणत नाही, हरकत घेण्याचा हक्क कायद्यात आहे आणि ज्याला हजार सह्या नीट गोळा करता येत नाहीत त्याने हजारो मतं नीट गोळा केली असती का हा प्रश्न मला तरी रास्त वाटतो. आणि गंमत म्हणजे त्याच्या दहा वर्षं आधी, २०१४ ला, याच क्रमांकाच्या मतदारसंघात जॉन कॉनियर्स, १९६५ पासून काँग्रेसमध्ये असलेला माणूस, सह्यांवरूनच मतपत्रिकेवरून उडणार होते, सह्या गोळा करणारे स्वतः नोंदणीकृत मतदार नव्हते म्हणून. फेडरल कोर्टाने त्यांना परत बसवलं. जवळपास पन्नास वर्षं खासदार राहिलेल्या माणसाचं ऑफिस हे तपासत नाही, यावरून सिटिंग माणसाच्या आजूबाजूला किती शेवाळ साठतं ते बघ.

शेवाळावरून आठवलं. पडणारे का पडतात. पहिल्यांदा हे लक्षात घे की फार कमी पडतात, २०२४ ला अख्ख्या हाउसमधले प्रायमरीत पडलेले सिटिंग खासदार चार. त्यात एक तर मतदारसंघ बदलल्यामुळे दोन सिटिंग एकमेकांवर आदळले म्हणून. पण जे गाजलेले पडले त्यांच्यात एक सारखेपणा आहे, त्यांना आपण लढतीत आहोत हेच माहीत नव्हतं. व्हर्जिनियाचे एरिक कँटर, २०१४, सभागृहात रिपब्लिकनांचे नंबर दोन. त्यांच्याच पोलमध्ये ते ३४ पॉइंटनी पुढे होते आणि प्रत्यक्षात ११ पॉइंटनी पडले, समोर कोण तर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे डेव्ह ब्रॅट. कँटरच्या मोहिमेने स्टेकहाउसमध्ये १ लाख ६८ हजार डॉलर खर्च केले होते, ब्रॅटची अख्खी मोहीम त्याच्याच आसपास पैशात झाली. आणि न्यूयॉर्कचे जो क्राउली, २०१८, १४ वर्षांत कोणी प्रायमरीला उभंच राहिलं नव्हतं, एका डिबेटला स्वतः न जाता दुसऱ्या बाईंना पाठवलं, आणि अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझने सुमारे चार हजार मतांनी घरी पाठवलं. जिंकणाऱ्या उमेदवाराची मतं किती, सोळा-सतरा हजार. सात लाख लोकवस्तीचा मतदारसंघ आणि सोळा-सतरा हजारांत खासदार. मुंबईत तेवढ्यात नगरसेवक होतो.

हा आकडा मी प्रत्येक नवीन पोराला सांगते कारण प्रायमरी म्हणजे अख्खा मतदारसंघ नाही, प्रायमरी म्हणजे एक यादी. ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवसांत कोण मत द्यायला येतं, तेच तेच, साठीच्या पुढच्या बायका, चर्चची मंडळी, रिटायर्ड युनियनवाले, शिक्षक. मागच्या चार प्रायमरीत कुणी किती वेळा मत दिलं यावरून आम्ही लोकांचा क्रम लावतो, चारपैकी चार, चारपैकी तीन असं, आणि दारावर पोरं जातात ती फक्त त्याच घरांत, मधली सहा घरं सोडून सातवं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ही येडी मंडळी घरं चुकतायत. दारावर बोलणं झालं की एक ते पाच आकडा टाकायचा, एक म्हणजे आपला पक्का, पाच म्हणजे परत जाऊ नको. सिटिंग माणसाची खरी ताकद टीव्हीवर दिसत नाही, ती या आकड्यांत दिसते. मी एकदा एका विरोधकाच्या बाजूने फिरत होते, बाई दार उघडून म्हणाल्या, पोरी, पाणी पी पण मत मागू नकोस, माझ्या नवऱ्याची माजी सैनिकांची पेन्शन अडली होती ती यांच्या ऑफिसने काढून दिली. पाच. त्याला आम्ही केसवर्क म्हणतो, सोशल सिक्युरिटी, पासपोर्ट, व्हिसा, पेन्शन. ते ज्याचं चांगलं त्याला पाडणं महाकठीण, मग तो वॉशिंग्टनमध्ये काहीही बोलू दे.

आणि उलटं, मी ज्या सिटिंग माणसासाठी काम केलं आणि हरले (राज्य पातळीवरचा होता, नाव नको) त्याच्या ऑफिसचा फोन आठवडाभर कोणी उचलत नव्हतं हे आम्हाला दारावर कळलं. जूनमध्ये. तेव्हा उशीर झालेला असतो कारण मिशिगनमध्ये घरून मत द्यायची पत्रिका निवडणुकीच्या ४० दिवस आधी मिळायला लागते, म्हणजे जूनच्या शेवटी. वयस्कर मतदार ती आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरून मोकळे होतात. तू जुलैच्या शेवटच्या आठवड्यात टीव्हीवर धडाका लावतोस तोपर्यंत तुझ्या यादीतल्या कितीतरी लोकांनी मत टाकूनही झालेलं असतं. एका मोहिमेत आमची घरपोच पत्रकं छापखान्यात अडकली आणि दहा दिवस उशिरा पोचली, त्या दहा दिवसांत क्लार्ककडच्या रोजच्या यादीत परत आलेल्या मतपत्रिकांचा आकडा चढताना बघत बसायचं, यासारखी दुसरी शिक्षा नाही. पुढे २०२४ पासून केंद्रावर जाऊन नऊ दिवस आधी मतदानही सुरू झालं, म्हणजे निवडणुकीचा दिवस असा आता उरलेलाच नाही.

पैशाचं जरा बोलते, जास्त नाही कारण त्यावर सगळेच बोलतात. एका माणसाने एका निवडणुकीला द्यायची मर्यादा २०२५-२६ साठी ३,५०० डॉलर, प्रायमरी वेगळी आणि नोव्हेंबर वेगळी, म्हणून दोन्ही धरून ७,०००. पण उमेदवाराने स्वतःचा पैसा घालायला मर्यादा नाही, सुप्रीम कोर्टाने १९७६ मध्येच ते मोकळं केलंय, आणि ठाणेदार हे त्या बाबतीतलं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण, २०१८ च्या गव्हर्नरच्या प्रायमरीतही त्यांनी स्वतःचे कोटीभर डॉलर घातले होते आणि तरी ग्रेचेन व्हिटमर आणि अब्दुल एल-सय्यद यांच्या मागे तिसरे आले. २०२२ ला त्यांच्याविरुद्ध हॉलियरसाठी एआयपॅक या इस्रायलसमर्थक लॉबीशी जोडलेल्या सुपर पॅकने (उमेदवारापासून वेगळा राहून हवा तेवढा खर्च करणारा गट) ४० लाख डॉलरच्या घरात खर्च केला होता, तरी ठाणेदार जिंकले. दोन्ही वेळा ओतलेला पैसा वाया गेला की. पण २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये त्याच सुपर पॅकने जमाल बोमन यांच्याविरुद्ध दीड कोटींच्या आसपास ओतले आणि ते पडले. फरक काय? बोमनसमोर एकच माणूस होता, जॉर्ज लॅटिमर, काउंटीचे एक्झिक्युटिव्ह, घरोघरी माहीत. पैसा ओतायला आधी भांडं एकच लागतं.

आणि प्रायमरीत पडलेला माणूस अपक्ष उभा राहत नाही का, आपल्यासारखा? काही ठिकाणी राहतो. कनेटिकटचे जो लिबरमन २००६ ला प्रायमरी हरले आणि अपक्ष म्हणून सिनेट जिंकले, अलास्काच्या लिसा मर्कोवस्की २०१० ला हरल्या आणि लोकांनी मतपत्रिकेवर हाताने नाव लिहून त्यांना निवडून दिलं, त्यासाठी स्पेलिंग शिकवणाऱ्या जाहिराती केल्या होत्या. मिशिगनमध्ये पडलेल्याला त्याच पदासाठी नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दुसऱ्या चिन्हाने छापून येता येत नाही. बंडखोरी ऑगस्टमध्येच संपते. आणि १३ वा मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक आहे की ऑगस्टला जिंकला तो जानेवारीत शपथ घेतो, नोव्हेंबर नावापुरता.

आता तुझं. तू राहतोस ट्रॉयला, तो १३व्यात येतच नाही. हा मतदारसंघ म्हणजे डेट्रॉईटचा मोठा भाग, हॅमट्रॅमक, हायलँड पार्क, ग्रोस पॉइंटची गावं आणि खाली डाउनरिव्हरची काही. आपली बहुतेक मराठी मंडळी ट्रॉय, नोवाय, कँटनकडे, त्यामुळे मंडळाच्या गणपतीत कितीही चर्चा झाली तरी तिथलं एकही मत या लढतीत नाही, हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी लोक नाराज होतात. मत तुला तसंही नाही, ग्रीन कार्ड आहे. पण ग्रीन कार्डवाल्याला देणगी देता येते, वरच्या मर्यादेत, स्वतःच्या पैशातून. तुझा रूममेट एच-१बी वर आहे त्याला नाही, एक डॉलरही नाही, आणि त्याने तुला पैसे देऊन तू तुझ्या नावाने दिलेस तर तो गुन्हा आहे, हे नीट वाच. फुकट स्वयंसेवक म्हणून मात्र तुम्ही दोघंही काम करू शकता, फोन करा, दारं ठोका. सह्या गोळा करायला जाऊ नकोस, त्या फॉर्मवर खाली गोळा करणाऱ्याने आपण अमेरिकन नागरिक आहोत असं लिहून सही करायची असते, उत्साहात असली सही केलीस तर पुढे सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूला भोगशील आणि उमेदवाराचं ते अख्खं पान जाईल ते वेगळंच.

आणि दारावर कोणी विचारलं की मी रिपब्लिकन आहे मला या प्रायमरीत मत देता येईल का, तर हो म्हण, मिशिगनमध्ये पक्षाची नोंदणी नसते. एकाच कागदावर दोन पक्षांचे दोन रकाने असतात, कुठलाही एक निवडायचा. पण फक्त एकच. दोन्हीकडे खुणा केल्या की पक्षाच्या भागातली सगळी मतं बाद. हे इतक्या लोकांना माहीत नसतं की शनिवारी येशील तेव्हा त्याचीच पन्नास कार्डं देईन, आधी ती वाट. पाण्याच्या दोन बाटल्या आण, सँडल नको बूट घाल, आणि फाटकावर कुत्र्याची पाटी असेल तर कार्ड फाटकातच अडकवून पुढे जा. टपालाच्या पेटीत नाही हां, ते पोस्टवाल्यांना चालत नाही.